गोळी रोज चालू आहे, तरी टीएसएच खाली का येत नाही?

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. वय ४३, वजन ६४ किलो. चार वर्षांपूर्वी थायरॉईड कमी असल्याचं निदान झालं आणि गोळी ५० मायक्रोग्रॅमपासून ७५ वर, तिथून १०० वर गेली. गेल्या वर्षभरात रिपोर्टचा मेळच लागत नाही. एका लॅबमध्ये टीएसएच (रक्तातली थायरॉईडची तपासणी, थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो) १.४ आला, तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये ११.८. थकवा आहे, केस गळतात, पोट साफ होत नाही, वजन अकरा किलोंनी वाढलंय. डॉक्टरांनी आता १२५ ची गोळी लिहून दिली आहे. त्यांनी विचारलंय की डोस असाच वाढत जाणार का, मुंबईला जाऊन दाखवावं का, मासे आणि कोबी सोडावेत का. सासूबाईंनाही नुकतीच हीच गोळी सुरू झाली आहे, त्याबद्दलही काळजी आहे.

ताई, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: "सकाळी सातची बस असते म्हणून थायरॉईडची, ॲसिडिटीची आणि हाडांची अशा तिन्ही गोळ्या उठल्याबरोबर एकदमच घेऊन टाकते, मग चहा-पाव." मी फोंड्यात सत्तावीस वर्षं दवाखाना चालवतो. या एका वाक्यासाठी मी पूर्वी पेशंटला कधी थांबवत नव्हतो, आता सगळ्यात आधी तेच विचारतो.

आधी साधा हिशेब करू. थायरॉईड ग्रंथी जवळजवळ काहीच काम करत नसेल तर मोठ्या माणसाला दिवसाला किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तुमच्या थायरॉईडच्या गोळीतलं औषध, लागतं. तुमचं वजन ६४ किलो, म्हणजे १०० च्या आसपास. तुम्ही १०० घेताच आहात. एवढी गोळी खरोखर रक्तात पोचत असती तर टीएसएच ११.८ आला नसता. म्हणून १२५ च्या आधी शोधायचं ते हे, की गोळी वाटेत कुठे अडते आहे.

शंभर मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. गोळीचा जो आकार दिसतो तो बहुतेक सगळा भरताड असतो, औषध त्यात डोळ्यांना दिसणार नाही एवढं. रिकाम्या पोटी घेतलं तर त्यातलं साधारण ७० ते ८० टक्के लहान आतड्यातून रक्तात जातं. सोबत कॅल्शियम असेल (हाडांच्या गोळीत बहुधा तेच असतं) तर ते पोटातच या औषधाला धरून ठेवतं आणि दोन्ही मिळून बाहेर निघून जातात. लोहाच्या गोळीचंही तेच. या दोहोंत आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. चहा-कॉफीनेही शोषण कमी होतं, म्हणून गोळीनंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, पाण्याशिवाय काही नको. आपल्याकडे बायकांची सकाळ कशी असते ते मला माहीत आहे. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजला की चुलीवर चहा आधीच उकळत असतो आणि गोळी त्या चहाच्या घोटाबरोबरच जाते. माझ्या पेशंटना मी सांगतो, गोळी उशाशी ठेवा, पाण्याचा तांब्या तिथेच ठेवा, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी ती घ्या. मग देवपूजा, अंघोळ, डबा होईपर्यंत पोदेर येतोच.

ॲसिडिटीच्या गोळीचं प्रकरण थोडं वेगळं. पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल ही औषधं जठरातलं आम्लच कमी करतात, आणि थायरॉईडची गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. परिणाम दिवसभर राहतो, त्यामुळे नुसतं अंतर ठेवून पूर्ण भागत नाही. तेव्हा दुसराच प्रश्न विचारायला हवा: ही गोळी अजून लागते का? दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली आणि दोन वर्षं चालू राहिलेली ॲसिडिटीची गोळी मी रोज बघतो. तुमच्या डॉक्टरांना विचारून ती बंद करता आली तर उत्तम. खरंच गरज असेल तर चालू ठेवा, आणि मग थायरॉईडचा डोस थोडा जास्त लागेल हे मान्य करा. त्यात वावगं काही नाही.

ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांनी रात्री घेतली तरी चालते. रात्रीचं जेवण होऊन तीन तास उलटलेले असावेत, एवढंच. दुकान चालवणारे, रात्रपाळी करणारे असे माझे बरेच पेशंट रात्रीच घेतात आणि त्यांचे रिपोर्ट चांगले असतात.

हे सगळं मी एका चुकीतून शिकलो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत सावर्डे भागातल्या एका बाईंचा डोस मी ५० वरून १५० पर्यंत चढवत नेला. दर वेळी टीएसएच जास्तच, दर वेळी मी पंचवीस वाढवत होतो. मग त्यांची सून आली आणि तिने सासूची कॅल्शियमची गोळी रात्रीवर नेली. तीन महिन्यांत बाई छातीत धडधड, हाताला कंप आणि झोप नाही अशी तक्रार घेऊन आल्या, कारण आता १५० च्या १५० अंगी लागत होती. त्यांच्या हृदयाला इजा झाली नाही हे माझं भाग्य. तेव्हापासून औषधाचं नाव विचारून माझं भागत नाही. उठल्यापासून नाश्त्यापर्यंत काय काय करता ते मी पेशंटच्या तोंडून क्रमाने ऐकतो.

गोळी ठेवण्याबद्दलही सांगायला हवं, कारण गोव्यातला पावसाळा या औषधाचा वैरी आहे. लेव्होथायरॉक्सिनला उष्णता, उजेड आणि दमट हवा तिन्ही सोसत नाहीत. काही कंपन्यांच्या गोळ्या शंभर-सव्वाशेच्या बाटलीत येतात. ती बाटली स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर, झाकण अर्धवट लावलेलं, जून ते सप्टेंबर. एकदा एका आजोबांनी अशी बाटली माझ्या टेबलावर उपडी केली तर गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या आणि बोटाने दाबताच भुगा झाला. "दोतोर, आंगांत बळूच ना," असं ते महिनाभर सांगत होते. बाटली बेडरूमच्या कपाटात ठेवा, आतली ओल शोषणारी लहान पुडी फेकू नका, एकदम सगळ्या गोळ्या आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत काढून ठेवू नका. आणि कंपनी शक्यतो बदलू नका. बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघून घ्या.

आता ते १.४ आणि ११.८ चं कोडं. केस गळतात म्हणून तुम्ही मध्यंतरी "केसांची गोळी" घेत होतात असं लिहिलंय. अशा गोळ्यांत बहुधा बायोटिन असतं, ५ किंवा १० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमची, म्हणजे ही मात्रा शेकडो पट. केसांना त्याचा किती उपयोग होतो ते राहू द्या, पण बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये तपासणीची पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी-४, म्हणजे थायरॉईडचा रस, खोटा जास्त. दुसऱ्या लॅबचं मशीन वेगळ्या पद्धतीचं असेल तर तिथे खरा आकडा दिसतो. माझा कयास असा की तुमचा १.४ हा आकडा त्या गोळीने फसवलेला आहे. पुढच्या तपासणीआधी ती निदान दोन दिवस, मात्रा मोठी असेल तर आठवडाभर बंद ठेवा. रक्त नेहमी एकाच लॅबमध्ये, साधारण एकाच वेळी द्या.

मुळात टीएसएच हा थायरॉईडचा रस नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी थायरॉईडला काम कर म्हणून जी हाक मारते, ती हाक म्हणजे टीएसएच. काम कमी पडलं की हाक मोठी होते. गोळीतलं औषध रक्तात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात आणि पातळी स्थिरावायला सहा आठवडे. त्यामुळे डोस बदलल्यावर पंधरा दिवसांनी केलेली तपासणी पैसे फुकट घालवते. याच सात दिवसांमुळे एखादा दिवस चुकला तर घाबरायचं कारण नाही. हरितालिकेच्या निर्जळी उपासाला काहीजणी गोळी घेत नाहीत. हृदयाचा त्रास नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्यात, आठवड्याची बेरीज जमते.

पण ही हाकच ऐकू येत नाही अशीही वेळ असते, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून अडतीस वर्षांची बाई आली होती. मे महिना, दवाखान्यातले सगळे वारा घेताहेत आणि ही स्वेटर घालून पंख्यापासून दूर कोपऱ्यात बसलेली. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जड, बोलणं संथ. तीन वेळा टीएसएच केला होता, तिन्ही वेळा दोन-अडीचच्या घरात. "सगळं नॉर्मल आहे, मनाला लावून घेऊ नका" असं तिला दोन वर्षं सांगितलं जात होतं. मी तिला खुर्चीवर गुडघे टेकून बसवलं, पावलं मोकळी लोंबती ठेवली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडीने हलकेच मारलं. पाऊल झटकन हललं, पण जागेवर परत येताना असं सावकाश आलं, जसं पाण्याखाली हलावं. थायरॉईड खूप कमी असलं की हे दिसतं. यंत्र लागत नाही, दहा सेकंदांचं काम आहे.

मग बाळंतपणाचं विचारलं. सहा वर्षांपूर्वी मूल झालं तेव्हा रक्तस्राव थांबत नव्हता, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. त्यानंतर दूध आलंच नाही, पाळीही परत आली नाही. कुणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. प्रसूतीत अतोनात रक्त गेलं की पीयूष ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. हाक मारणारीच गप्प झाली, मग टीएसएच वाढणार कसा? फ्री टी-४ (रक्तातला मोकळा थायरॉईडचा रस) केला तो फारच कमी, पीयूष ग्रंथीच्याच हाकेवर तयार होणारं कॉर्टिसोलही कमी. अशा पेशंटला आधी कॉर्टिसोलची उणीव भरणारं हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं आणि काही दिवसांनी थायरॉईडची गोळी. उलट केलं तर जिवावर बेतू शकतं. तिचा डोस आम्ही टीएसएचवर ठरवत नाही, फ्री टी-४ वर ठरवतो. आज ती बचत गटाची पापडांची ऑर्डर स्वतः सांभाळते.

म्हणून सांगतो, लक्षणं ठळक असताना टीएसएच नॉर्मल आला तर फ्री टी-४ करायला लावा. बाळंतपणात रक्त फार गेलं असेल तर तेही डॉक्टर विचारण्याची वाट न बघता सांगा.

तुमच्या बाबतीत कारण बहुधा हाशिमोटोचा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने १९१२ साली तो प्रथम वर्णन केला. शरीराची संरक्षण यंत्रणाच थायरॉईडवर उलटते आणि ग्रंथी हळूहळू संपत जाते. अँटी-टीपीओ ही या उलटण्याची खूण शोधणारी रक्ततपासणी निदानासाठी एकदा केली की पुरे. दर वर्षी ती करून उपचारात काही बदलत नाही. गळ्याला गाठ लागत नसेल तर दर वर्षी सोनोग्राफीही नको.

मीठ आणि माशांबद्दल. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी सुरू झाली की "आगरचं मीठ वापरू का" हा प्रश्न मला हमखास येतो. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या मिठागरांतलं मीठ मलाही प्रिय आहे, त्यावर घरं चालतात. पण समुद्राच्या पाण्यातून मिठात उतरणारं आयोडीन अगदी नगण्य असतं. कायद्याने आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. मोठ्या माणसाची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीची २५०. तेव्हा तोरं (कैऱ्या) खारवायला, लोणच्याला आगरचं मीठ खुशाल घ्या, रोजच्या हुमणात (माशांच्या कालवणात) आणि भाजीत आयोडीनचं. बांगडा, तारली, सुंगटं (कोळंबी) काही सोडायची गरज नाही. समुद्री मासळीतून आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही मिळतं. शिजवलेला कोबी-फ्लॉवरही खा. टाळायच्या त्या समुद्री शेवाळाच्या आणि "थायरॉईड सपोर्ट" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या. त्यात आयोडीनचा मारा असतो आणि हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावू शकते. वैद्यांचा काढा घ्यायचा तर घ्या, त्यांना सगळी औषधं सांगून घ्या, पण त्यासाठी ही गोळी बंद करू नका. ग्रंथी जो रस तयार करत नाही, नेमका तोच या गोळीत आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका मरणपंथाला लागलेल्या बाईला उभं केलं आणि ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. आपल्याला तेच दोन-तीन रुपयांच्या गोळीत मिळतं.

आता सासूबाई. वय ७८, टीएसएच ६.९, फ्री टी-४ नॉर्मल, तक्रार विशेष नाही, आणि सुरुवातच ५० ने. इथे मी थांबलो असतो. वय वाढलं की टीएसएच थोडा वर सरकतोच. २०१७ साली युरोपात पासष्टीच्या पुढच्या सातशेहून जास्त लोकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष आला. टीएसएच किंचित वाढलेल्यांना ही गोळी देऊन थकव्यात किंवा लक्षणांत फरक पडला नव्हता. उलट या वयात औषध जास्त झालं तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात. टीएसएच १० च्या वर गेला तर गोष्ट वेगळी, तेव्हाही १२.५ किंवा २५ पासून चढायचं. त्यांच्या डॉक्टरांना विचारा की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवलं तर चालेल का.

घरात कुणी तरुण मुलगी ही गोळी घेत असेल तर तिला एवढं नक्की सांगा: दिवस राहिले की गोळी बंद करायची नाही. पहिले तीन महिने बाळ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असतं, मेंदू त्याच काळात घडत असतो. गरज उलट वाढते. मी माझ्या पेशंटना आधीच सांगून ठेवतो, टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या आणि लगेच मला फोन. नंतर अर्धे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी.

वजनाबद्दल तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. थायरॉईडमुळे वाढतं ते साधारण दोन ते पाच किलो, तेही बरंचसं मीठ-पाणी साठल्याने. अकरा किलोंचा दोष सगळा ग्रंथीवर टाकता येणार नाही आणि त्यासाठी डोस वाढवणं धोक्याचं. केस टीएसएच ताळ्यावर आल्यानंतर काही महिन्यांनी सुधारतात. पण पाळीत जास्त जात असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा, बी-१२ सुद्धा. टीएसएच खरोखर नॉर्मल झाल्यावरही थकवा राहिला तर पेशंटला "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवणं मला पटत नाही. झोपेत घोरणं, श्वास अडकणं, मन खचलेलं असणं, साखर, हे सगळं मग बघावं लागतं.

मुंबईला जायची आता तरी गरज दिसत नाही. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) अंतःस्रावी, म्हणजे थायरॉईडसारख्या ग्रंथींच्या, विकारांचा विभाग आहे. सहा-आठ आठवडे सगळं नीट करूनही आकडा हलला नाही तर तिथे दाखवा, सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून.

तुमच्या डॉक्टरांना जाऊन हे सांगा की तिन्ही गोळ्या एकत्र घेत होते, आता वेळा बदलते, तर १२५ च्या आधी १०० वरच सहा आठवडे बघू का. बहुतेक ते हो म्हणतील. साडेपाचला उठून थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर, सव्वासहाला चहा-पाव. सहा आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ दोन्ही करा, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. मधल्या काळात छातीत धडधड किंवा हाताला कंप जाणवला तर सहा आठवडे थांबू नका, लगेच दाखवा, कारण आता ही शंभराची गोळी पहिल्यांदाच पूर्ण पोचणार आहे. हाडांची गोळी उद्यापासून शाळेच्या जेवणाच्या डब्याबरोबर ठेवा.